अडलेली

सामायिक घेऊन चंदनबाई आसनावर बसल्या होत्या, माळ अर्ध्यावर आली होती, तेव्हा नातीच्या, पलकच्या खोलीतून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. काचेवर नखं. थांबून थांबून, पण चिकाटीनं. कुणीतरी आत कोंडलंय आणि दार कुठं आहे ते त्याला माहीत नाही, असा. दोन घटका आसन सोडायचं नाही, कसलंही काम हाती घ्यायचं नाही, हा नेम त्यांनी लग्नानंतर कधी मोडला नव्हता. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. एप्रिलची दुपार होती. अशा दुपारी जळगावात रिंग रोडवर चिटपाखरू नसतं, खिडक्यांना ओली चादर लावली तरी भिंती तव्यासारख्या तापतात, आणि घरात पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. त्यामुळं तो आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटत होता. णमो अरिहंताणं म्हणावं तर अरिहंतांच्या आत खरवड, सिद्धांच्या आत खरवड. एकदा तो थांबला. चंदनबाईंनी श्वास सोडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा तोंडावरची मुंहपत्ती ओठांना चिकटली आणि ओटीपोटात काहीतरी आवळल्यासारखं झालं. सदुसष्टाव्या वर्षी तिथं आवळण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी आवळलं.

सामायिक पारून त्या खोलीत गेल्या. चिकू काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात उभा होता, म्हणजे मागच्या पायांवर रेलून पुढच्या पायांनी फरशीचा तुकडा उकरत होता. दगडी फरशी, तिथं उकरण्यासारखं काय होतं? वीतभर अंग, तेवढंच शेपूट, गळ्याखाली काट्यांची दाढी. ही दाढी एरवी चिकूच्याच रंगाची असायची, आज ती काळी पडली होती. त्यानं मान वाकडी करून चंदनबाईंकडं पाहिलं आणि परत उकरायला लागला. त्यांना वाटलं, जनावर कंटाळलं. पलक पुण्याला कॉलेजात गेल्यापासून त्याला कुणी अंगाखांद्यावर घेतलेलं नव्हतं. पलकचे आईवडील, म्हणजे अखिल आणि सून, कापडाच्या धंद्यापायी सुरतला; पोरगी दहावीपासून आजीआजोबांकडं वाढलेली. अठराव्या वाढदिवसाला तिनं नाशकातल्या एका दुकानातून हा दाढीवाला सरडा आणला. दुकानदारानं नर म्हणून दिला, म्हणून तो ‘तो’. आजोबांनी, शांतीलालजींनी चष्मा वर करून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, “बेटा, सरडा तर आपल्या गोडाऊनच्या भिंतीवर फुकट मिळतो.”

पहिले काही महिने कुणालाच काही कळलं नाही. मग एके दिवशी चंदनबाई बाल्कनीत पापड वाळत घालायला गेल्या आणि जुन्या कुलरच्या मागं त्यांना झाकणाला भोकं पाडलेला डबा सापडला. आत झुरळं होती. जिवंत. अंडी ठेवायच्या पुठ्ठ्यांवरून ती एकमेकांच्या अंगावर चढत होती. ज्या घरात पाणी गाळून उकळून पितात, दिवस मावळला की चूल निजते, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरात कुणीतरी जीव वाढवत होतं ते दुसऱ्याला खायला घालण्यासाठी. त्या दिवशी त्या पहिल्यांदा पलकवर ओरडल्या. पलकही ओरडली, “दादी, तो काय आपल्या धर्मात जन्मलाय का?” चंदनबाई म्हणाल्या, “या घरात तर राहतो ना?” दोन दिवस अबोला. मग तडजोड झाली. डबा मैत्रिणीकडं गेला, आणि चिकू आठवड्यातून दोनदा मैत्रिणीकडं जेवायला जायला लागला, जसा एखादा मुलगा बाहेर जाऊन खाऊन येतो आणि घरात कुणी विचारत नाही. पलक पुण्याला निघाली तेव्हा मैत्रीणही गेली. पलक म्हणाली, “मोठा झालाय आता, पालाच जास्त खातो. पण या पांढऱ्या पुडीची चिमूट रोज भुरभुरायची, विसरू नका.” चंदनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “नाही विसरणार.” विसरल्या नाहीतच. मेथी, शेवग्याचा पाला, किसलेला भोपळा, सगळं त्या स्वतः निवडून धुऊन देत होत्या; अळी निघाली तर ती पानासकट कुंडीत सोडत होत्या. पुडीचंच काय ते झालं. जैन स्थानकात महासतीजींचं, म्हणजे साध्वींचं, व्याख्यान झाल्यावर शेजारी बसलेल्या एका बाईनं सहज सांगितलं, असल्या पुडीत हाडांचा चुरा असतो, आमच्या सुनेनं कुत्र्यासाठी आणली होती. घरी येऊन त्यांनी बरणी डोळ्यांजवळ धरली. बारीक इंग्रजी अक्षरं. कुणाला विचारावं? विचारलं आणि हाडच निघालं तर? त्यांनी हात साबणानं धुतले आणि बरणी कपाटात मागं सरकवली. ही दिवाळीनंतरची गोष्ट.

खरवडणं दोन-तीन दिवस चाललं आणि बंद पडलं, आणि ते बंद पडल्यावरच चंदनबाईंना खरी भीती वाटली. चिकू पाल्याकडं बघेना. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, त्यावर मधेच उंचवटे दिसत, मुठीत लिंबं धरून वरून फडकं बांधावं तसे. मागचे पाय मात्र वाळून काटकी झाले होते. त्यांनी हातात घेतलं तेव्हा पुढच्या पायाची बोटं थरथरत होती, एकसारखी, त्याच्या मनात नसताना. पलकला फोन केला. ती परीक्षेच्या गडबडीत होती, आधी म्हणाली, जास्त खाल्लं असेल, मग व्हिडिओ मागवून पाहिला. “दादी, डॉक्टरकडं न्या. आजच न्या.” गावातला जनावरांचा डॉक्टर भला माणूस, त्यानं लांबूनच पाहून हात जोडले. गायी-म्हशी, कुत्री म्हणाल तर बघतो, हे मला शिकवलेलं नाही, धुळ्याला योगेंद्र म्हणून एक तरुण आहे, पक्ष्यांचं-कासवांचं बघतो, तिकडं जा.

धुळं म्हटल्यावर चंदनबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. पाचव्या गल्लीत त्यांचं माहेर. भाऊ होता तोवर राखीला जाणं व्हायचं, तेही सकाळी जाऊन सूर्य मावळायच्या आत परत. मुक्कामाला त्या कधी राहिल्या नव्हत्या, आणि का राहत नाही ते कुणी विचारलं नव्हतं. शांतीलालजी म्हणाले, “एका सरड्यासाठी धुळं? या उन्हात?” चंदनबाई म्हणाल्या, “पोरीनं माझ्या भरवशावर सोडलाय.” मग त्यांनी दुकानाची गाडी आणि अभिमनला पाठवून दिलं. अभिमन पहूरकडचा, वीस वर्षं दुकानात गाडी चालवतो. फळांच्या टोपलीत टॉवेलवर ठेवलेला जीव पाहून त्यानं विचारलं, “काकी, हाई काय शे?” मग पोटाकडं निरखून पाहिलं आणि हसू गिळून म्हणाला, “मन्ही गाय बी अशीच अडेल व्हती.”

“काहीतरीच काय,” चंदनबाई म्हणाल्या. “नर आहे तो.”

एरंडोल गेलं, पारोळा गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची उपटून टाकलेली रानं, वर पांढरं आभाळ. टोपली मांडीवर होती. गाडीतली गार हवा त्यांनी बंद करायला लावली, कारण याला ऊब लागते असं पलक सांगून गेली होती. अभिमनचा सदरा पाठीला चिकटला. अडेल. हा शब्द किती वर्षांनी ऐकला. खाली मान घालून त्या टोपलीत बघत राहिल्या आणि त्यांना वाटत राहिलं की आपण कुणाला तरी चुकीच्या नावानं हाक मारत आलो आहोत.

डॉक्टर योगेंद्र साक्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पस्तिशीचा. त्यानं चिकूला उताणं केलं, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवलं आणि फोटो काढायला आत घेऊन गेला. आला तेव्हा त्याच्या हातात काळी फिल्म होती. खिडकीच्या उजेडात त्यानं ती धरली. “अक्का, ही मादी आहे. हे बघा.” काळ्यावर पांढरट गोल, एकाला एक लागून, बरगड्यांपासून थेट शेपटीपर्यंत. पोटात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

“पण नर तर कधी...” चंदनबाई अडखळल्या. “एकटीच आहे ती. पहिल्यापासून.”

“नर लागत नाही अक्का. वय झालं की अंडी धरतात. कोंबडी नाही का? फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.”

“म्हणजे जीव नसतो त्यात?”

“नसतो. पण घालावी तर लागतातच. हिला उकरायला माती मिळाली नाही, म्हणून हिनं धरून ठेवली. आणि हिच्यात ताकद नाही. हाडं बघा, फोटोत पुसट दिसतायत, सगळा चुना अंड्यांनी ओढून घेतलाय. पोटाला कळ द्यायला जोर लागतो, तो जोर चुन्यातून येतो. कॅल्शियमची पावडर देत होता ना?”

चंदनबाईंनी पदर सारखा केला. “नव्हते देत. दिली होती तिनं, मी बंद केली. हाडांची असते असं ऐकलं.”

डॉक्टरनं फिल्म टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. “दगडाची असते अक्का,” तो म्हणाला. “ती साधी पूड चुनखडीची असते. दगड कुटून करतात.”

दगड. बरणी सहा महिने कपाटात, आणि आत दगड. डॉक्टरनं सुई टोचली, औषधं दिली, एका टबात ओली वाळू भरून त्यात ठेवायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत घातली तर सुटली, नाही तर पोट फाडावं लागेल. आणि अंगात काहीतरी जायला हवं, नुसत्या पाल्यानं भागायचं नाही. हे म्हणताना त्यानं त्यांच्या हातातल्या जपमाळेकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “घरी चालत नसेल तर मी समजू शकतो. पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको.” निघताना त्यानं जाळीचं झाकण असलेला एक डबा दिला. आत रातकिडे होते.

परतीच्या वाटेवर टोपली मांडीवर आणि डबा पायाशी. डब्यातून मधूनच किरकिर यायची. चंदनबाईंना वाटलं होतं, महासतीजींना विचारू. पण काय विचारणार? उत्तर त्यांना पाठ होतं, लहानपणापासून. जो तो आपलं कर्म घेऊन येतो. सरड्याचं सरड्यापाशी, किड्याचं किड्यापाशी. तू मधे हात घालू नकोस. आजवर हे उत्तर त्यांना कधी कमी पडलं नव्हतं. आजही ते कमी पडत नव्हतं, फक्त मांडीवर जिवाची बोटं थरथरत होती आणि ती थरथर टोपलीच्या बांबूतून, लुगड्यातून त्यांच्या मांडीत शिरत होती. उत्तराला बोटं नसतात.

अभिमननं संध्याकाळच्या आत गिरणेची वाळू आणून टबात भरून दिली. सकाळी चंदनबाई डबा आणि चिमटा घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा तो दाराशी उभा होता. “काकी, मी तिले टाकी देस. तुम्ही बाहेर जा.” चंदनबाईंनी मान हलवली. करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारखंच. मग निदान दुसऱ्याचा हात कशाला मळवायचा. त्यांनी झाकण काढलं. रातकिडे पुठ्ठ्याच्या खाली पळाले, एक मात्र मिशा हलवत तसाच बसला. चिमट्यात धरल्यावर त्याचे मागचे पाय हवेत पोहल्यासारखे चालत राहिले. इतकासा जीव, आणि चिमट्यातून त्याचा जोर बोटांना कळत होता. त्यांनी तो तिच्या तोंडापुढं धरला. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, मिटले नाहीत. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग जीभ बाहेर आली आणि कचकन आवाज झाला, वाळलेली शेंग फोडावी तसा. ती गिळत होती. गळ्याचे काटे वरखाली होत होते. चंदनबाईंना शिसारी आली, आणि तिच्याच मागोमाग छातीत काहीतरी सैल झालं, इतकं सैल की त्या भिंतीला टेकल्या. खाल्लंन. बाई गं, खाल्लंन. पोर जेवल्यावर आईला जे होतं तेच ते होतं, दुसरं काही नव्हतं, आणि ज्याच्या जिवावर झालं त्याचा एक पाय अजून तिच्या ओठाला लागलेला होता. दुसरा तिनं घेतला नाही. तिसराही नाही. चंदनबाईंनी झाकण लावलं, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उपास केला, आणि डब्यातल्या बाकीच्यांना काकडीच्या फोडी टाकत राहिल्या.

वाळूत ठेवल्यावर ती उठली. अंगात जोर कुठून आला कोण जाणे. दुपारभर तिनं उकरलं. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्या पायांनी फेकायची, मागचे पाय उचलेनात तेव्हा नुसती कंबर घासायची. भोक झालं. त्यात ती उलटी शिरली, तोंड तेवढं बाहेर ठेवून, आणि कळा द्यायला लागली. चंदनबाईंना कुणी सांगावं लागलं नाही की या कळा आहेत. अंग फुगायचं, तोंड उघडायचं, डोळे बाहेर आल्यासारखे व्हायचे, मग सगळं ओसरायचं. संध्याकाळपर्यंत दोन अंडी आली. पिवळट, मऊ, एक मधेच दबलेलं. मग काही नाही. ती भोकातच हनुवटी वाळूला टेकून पडून राहिली, आणि शांतीलालजी, जे या खोलीत कधी फिरकत नसत, ते दाराशी येऊन उभे राहिले. बायकोकडं बघत राहिले, सरडीकडं नाही. “उद्या धुळ्याला मीही येतो,” ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. “अशा जनावरावर मी फार हात चालवलेला नाही अक्का. एक वाचली, एक गेली. हिची हाडं तर आधीच पोकळ झालीत. नको म्हणालात तरी चालेल, मग ती दोन-चार दिवस काढेल.” शांतीलालजींनी घसा खाकरला. चंदनबाई म्हणाल्या, “करा.” त्यांनी टोपली पुढं सरकवली. “अडलेलीला तसंच ठेवत नाहीत,” त्या म्हणाल्या.

बाहेर लाकडी बाकावर त्या बसल्या. समोर एक शेतकरी वासरू घेऊन आला होता. रस्त्यापलीकडं पांझरा नदीच्या बाजूनं गरम वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला तोच वास होता, सुकलेल्या पाण्याचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्या याच गावात येऊन राहिल्या होत्या. दोन रात्री कळा. सुईण म्हणाली, आडवं आलंय. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना अर्धवट शुद्ध होती, दिव्याभोवती कसलासा किडा फिरत होता एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा आई उशाशी. बाळ? “काचेच्या पेटीत ठेवलंय,” आई म्हणाली, “अशक्त आहे ना. झोपलंय.” दुसऱ्या दिवशी विचारलं. झोपलंय. तिसऱ्या दिवशी दूध आलं. अंगावरचं लुगडं भिजायला लागलं, छातीत दगड भरल्यासारखं दुखायला लागलं, आणि त्या म्हणाल्या, आता तरी आणा, भूक लागली असेल त्याला. वडील खिडकीबाहेर बघत होते. मावशीनं पाणी दिलं. सगळे किती प्रेमानं वागत होते. पाचव्या दिवशी आईनं पंच्याची पट्टी करून त्यांची छाती आवळून बांधली, इतकी घट्ट की श्वास अडला, आणि बांधता बांधता, मागं उभी राहून, तोंड न दाखवता म्हणाली, “नव्हतंच गं काही. तू वाचलीस हे पुष्कळ.” पाच दिवस त्या एका रिकाम्या काचेच्या पेटीची आई होत्या. मुलगी होती हे त्यांना कित्येक वर्षांनी कळलं, मावशीच्या तोंडून, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसल्या असताना. कशी होती, कुणावर गेली होती, कुठं पुरली, हे कधीच नाही. पुढं अखिल झाला. लोक म्हणाले, पांग फिटले. शेजारी बसलेल्या शांतीलालजींना यातलं किती माहीत होतं? तेव्हा ते जळगावला होते. तार गेली असेल. पन्नास वर्षांत हे दोघं एकदाही यावर बोलले नव्हते. आता त्यांनी पाहिलं तर नवऱ्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. नवकार म्हणत होते.

डॉक्टर बाहेर आला. कपाळावर घाम होता. “काढली. श्वास चालू आहे. संध्याकाळपर्यंत बघू.”

“मला दाखवा,” चंदनबाई म्हणाल्या.

“शुद्धीवर यायला वेळ आहे अजून.”

“ती नाही. काढलं ते दाखवा.”

डॉक्टरनं शांतीलालजींकडं पाहिलं. “नको अक्का. बघण्यासारखं नाही.”

“मी बघणार आहे,” चंदनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण वासराचा मालकसुद्धा वळून बघायला लागला.

स्टीलच्या ट्रेमध्ये होती. मोठ्या बोराएवढी, पिवळी, रक्तानं माखलेली, कितीतरी एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली. काही दबून चपटी झाली होती, एक फुटलं होतं आणि आत शिजल्यासारखा दाट गोळा होता. वास येत होता. चंदनबाईंनी बोट लावलं. अजून कोमट होती. त्या बघत राहिल्या. घाई नव्हती, कुणी ट्रे ओढून घेत नव्हतं.

“कशासाठी करतं शरीर हे?” त्यांनी विचारलं. “जीव नाही, काही नाही.”

“त्याला कळत नाही अक्का,” डॉक्टर म्हणाला. “त्याचं ते करत राहतं.”

दुपार ढळेस्तोवर तिनं डोळे उघडले. पोटावर निळ्या दोऱ्याचे टाके. रात्री ठेवून घ्यायची सोय इथं नाही, डॉक्टर म्हणाला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्याखाली ठेवा, उद्या फोन करा. चंदनबाईंनी रातकिड्यांचा डबा त्याला परत दिला. त्यानं आतल्या काकडीच्या फोडी पाहिल्या आणि डबा आत ठेवला.

गाडी धुळ्याबाहेर पडली. शांतीलालजी पुढं अभिमनशेजारी, चंदनबाई मागं, मांडीवर टोपली. ती कुशीवर पडली होती; पारोळ्यापर्यंत तिचं पोट हलत होतं, टाक्यांची रेघ वर यायची, खाली जायची. हे त्यांनी स्वतः पाहिलं. मग उन्हाची तिरीप टोपलीवर यायला लागली म्हणून त्यांनी पदराची सावली धरली आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवला. पाठ थंड होती. पण ती मुळात थंडच असायची. ऊन मिळालं तर ऊन, नाही तर थंड. पिशवीतलं पाणीही निवत चाललं होतं, आणि कोणती थंडी कुणाची हे हाताला कळेना. एरंडोलच्या अलीकडं त्यांनी बोटानं तिची हनुवटी उचलली. सोडल्यावर ती पडली. नेमकी कधी गेली, कुठल्या गावाशी, ते त्यांना कळलंच नव्हतं. हात पाठीवर होता आणि कळलं नव्हतं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “गेली.”

शांतीलालजी वळले. अभिमननं गाडी हळू केली, मग लिंबाखाली थांबवली. “मरी गयी?” त्यानं हलकेच विचारलं आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणी उतरलं नाही. ट्रक जात होते, गाडी त्यांच्या वाऱ्यानं हलत होती. आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पलकचं नाव आणि चेहरा, हसरा, जुना, वाढदिवसाचा.

“उचलू नकोस,” शांतीलालजी म्हणाले. मग लगेच, मऊ आवाजात, “नाही तर उचल. पण आता सांगू नकोस तिला. परवा पेपर आहे तिचा. ऑपरेशन झालं म्हण, झोपलीय म्हण. पेपर होऊ दे, मग मी सांगतो नीट समजावून.”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यात बायकोला टाकून बोललेलं नव्हतं, आणि पोरीवर तर त्यांचा जीव होता. चंदनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. आईचा पाठीमागून येणारा आवाज किती प्रेमळ होता ते त्यांना आठवलं.

त्यांनी फोन उचलला. पलक वसतिगृहाच्या जिन्यात बसली होती, केस विस्कटलेले, नखं खात. “दादी! झालं का? कशी आहे ती? दाखवा ना.”

“ऑपरेशन झालं बेटा,” चंदनबाई म्हणाल्या. “डॉक्टरनं चांगलं केलं. वाटेत गेली.”

पलकचं तोंड तसंच उघडं राहिलं. “नाही. दादी, ती झोपली असेल. भूल उतरली नसेल. तुम्हाला कळत नाही, त्या अशाच पडून राहतात...”

“झोपली नाही. मी पुडी बंद केली होती, दिवाळीनंतर. ते सगळं सांगेन तुला, तू माझ्यावर रागव. आधी ती बघ.”

“चंदन, नको,” शांतीलालजी म्हणाले. त्यांनी मागं हात लांब केला, फोनसाठी. चंदनबाईंनी फोन आपल्याकडं ओढून घेतला, दुसऱ्या हातानं टॉवेल बाजूला केला आणि फोन टोपलीवर धरला. मिटलेले डोळे, फिकट पडलेली दाढी, पोटावरचे निळे टाके, सैल पडलेली बोटं. पलकनं एकदा हाक मारली. मग ती मोठ्यानं रडायला लागली, जिन्यात कुणी आहे की नाही याची पर्वा न करता. मधेच ती म्हणाली, “तुम्ही मारलंत तिला.” चंदनबाई म्हणाल्या, “हो.” त्यांचा हात भरून आला होता, त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि पोरीला नीट दिसावं म्हणून फोन जरा खाली नेला.